मुलुंडचं संडास-बाथरूम: सव्वादोन लाखांत काय बसलं, काय नाही

मुलुंड पूर्वेला चार मजल्यांची इमारत, बांधकाम १९८८ चं, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर वन-बीएचके, राहणारी माणसं पाच: ७६ वर्षांच्या आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. संडास ३ बाय ४ फुटांचा, भारतीय पद्धतीचा. त्याला लागून ४ बाय ५ फुटांचं बाथरूम. घरात दुसरी सोय नाही. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना खाली बसणं बंद झालं. त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सोसायटीला पत्र दिलं, की आमच्या न्हाणीच्या छताचं प्लास्टर सुटतंय आणि पाणी ठिबकतंय.

मुदत ठेव मोडून हाती येणार होते २,२५,००० रुपये. त्यापलीकडे कर्ज नको, यावर घरात एकमत होतं. घरदुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर राहत्या घरासाठी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत प्राप्तिकराची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. मुलगा नव्या प्रणालीत आहे, म्हणून तो विषय तिथेच संपला.

घरांच्या आतल्या कामांची अंदाजपत्रकं मी करून देतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. तोवर सून आणि नात लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या दुकानांतून टाइल्सचे फोटो काढून आल्या होत्या आणि तीन कोटेशनं घेऊन झाली होती. पहिलं ९६,००० चं, दुसरं १,७२,००० चं, तिसरं २,९५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,४८,१०० चं. घरात वाद पेटला होता तो पहिलं घ्यायचं की दुसरं, यावर.

मी म्हटलं, कोटेशन बाजूला ठेवा, आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊ.

खालच्या न्हाणीत छताचा एक हात रुंद पट्टा फुगला होता, दोन ठिकाणी सळई दिसत होती, तीही गंजलेली. जुन्या इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यातून नळ्या जातात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून लादी बसवतात. वर्षं गेली की लादीच्या सांध्यांतून आणि न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतलं सांडपाणी बाहेर जाण्याच्या तोंडाच्या) कडेनं पाणी आत जातं, आणि तो कोबा स्पंजासारखं ते धरून ठेवतो. वरची लादी कोरडी दिसते, खालचा स्लॅब बारा महिने ओला. ओलीनं सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. हे सगळं चालू असताना वर कितीही देखणी टाइल लावली, तरी दुसऱ्या मजल्याचं ठिबकणं थांबत नाही.

सोसायटीच्या कार्यालयात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल होता. मुंबई महापालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षं ओलांडलेल्या इमारतीला ही तपासणी करून घ्यावी लागते. त्यात एकावर एक आलेल्या या रांगेतल्या संडास-बाथरूमच्या गळतीची नोंद स्पष्ट होती. जुन्या इमारतीत काम काढणाऱ्यानं टाइलच्या दुकानात जाण्याआधी हा अहवाल मागून वाचावा. तो फुकट मिळतो आणि त्यात आपल्या पायाखालची गोष्ट असते.

मग तिन्ही कोटेशनं पुन्हा उघडली, ती त्यांत काय नाही हे बघायला. ९६,००० च्या कागदात तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, लादीची मजुरी आणि सिमेंट-वाळू होती. टाइल्स नाहीत, ग्रॅनाइट नाही, कमोड-नळ नाहीत, वीज नाही, दारं नाहीत, डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, खाली नेणं नाही. ‘वॉटरप्रूफिंग’पुढे नुसतं ‘इन्क्लुडेड’. ठेकेदाराला विचारलं, कोबा पूर्ण काढणार का? तो प्रामाणिकपणे म्हणाला, नाही, वरची लादी काढून त्यावर केमिकल मारणार. कोबा स्लॅबपर्यंत काढायचा तर ७,५०० जास्त.

दुसऱ्या कागदात ‘विथ मटेरियल’ असं मोठ्या अक्षरांत होतं. खाली टाइलचा बेसिक रेट चौरस फुटाला ४५ रुपये, फिटिंग्ज १५,००० पर्यंत. बेसिक रेट याचा अर्थ त्याहून महाग टाइल निवडलीत तर फरक तुमचा. या कुटुंबानं फोटो काढलेल्या टाइल्स ५८ च्या होत्या. डेब्रिज, वीज, दारं आणि खालचं छत यातही नव्हतं. सगळं भरून काढल्यावर तो आकडा २,५२,००० च्या आसपास गेला. पहिला, कोबा पूर्ण काढण्यासकट, २,१७,००० वर. तिसऱ्यात सगळं होतं, फॉल सीलिंगसुद्धा. काम तो चांगलं करतो हे मला ठाऊक आहे, पण या घराच्या आवाक्यात तो नव्हता.

म्हणजे ९६,००० आणि १,७२,००० मधली ७६,००० ची तफावत सारख्या मापानं मोजली तर ३५,००० ची निघाली. कोटेशनचा शेवटचा आकडा पाहून माणूस निवडू नये असं मी सगळ्यांना सांगतो, ते याचसाठी.

पहिल्या ठेकेदाराशी बसून कामाची व्याप्ती नव्यानं लिहिली. अंदाजपत्रक असं झालं:

कोब्यासकट तोडफोड – १४,०००
डेब्रिज खाली नेणं, गाडी, माल वर चढवणं – १३,५००
प्लंबिंग, मजुरी व नळ्या – ३४,०००
वॉटरप्रूफिंग – २०,०००
प्लास्टर व लादीची मजुरी – २४,५००
सिमेंट, वाळू, ॲडहेसिव्ह – ११,०००
टाइल्स – १४,७००
ग्रॅनाइटच्या चौकटी व उंबरे – ७,०००
कमोड, नळ, शॉवर, बेसिन, आधाराचे दांडे – ३५,०००
गिझर, एक्झॉस्ट पंखा, वायरिंग – १८,३००
दोन दारं, खिडकी – १६,०००
खालच्या छताचं प्लास्टर व रंग – ९,०००
एकूण – २,१७,०००

टाइल्सची ओळ बघा. घरात सर्वात जास्त चर्चा तिची झाली आणि खर्चात तिचा वाटा सात टक्क्यांच्या आत. हिशेब साधा आहे. संडासाच्या चार भिंतींची बेरीज १४ फूट, बाथरूमच्या १८ फूट. ७ फूट उंचीचा डॅडो, म्हणजे भिंतीवरचा टाइल्सचा पट्टा, धरून दारं वजा केली की १९४ चौरस फूट. तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवून २१३. फरशीला ३२, वाढवून ३५-३६. एकंदर अडीचशे चौरस फुटांच्या आत. टाइल चौरस फुटामागे २० रुपयांनी महाग घेतली तरी एकूण फरक पडतो ५,००० चा. इतक्या लहान जागेत टाइलच्या भावावरून रात्री जागवायचं कारण नाही. नातीला तिच्या पसंतीची टाइल घेऊ द्या, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. अट एकच: फरशीला चकचकीत नको, अँटी-स्किड हवी, तीही लहान मापाची. लहान लादीला न्हाणी ट्रॅपकडे ढाळ नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्यानं ओला पाय सरकत नाही.

याउलट डेब्रिज. त्याचा विचार कोणीच केला नव्हता. फूटभर खोल कोबा आणि भिंतींचं जुनं प्लास्टर-लादी मिळून तीन टनांच्या वर माल निघतो. तो सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून बिगाऱ्यांनी पाठीवरून तीन जिने उतरवायचा. मी ११० गोण्या धरल्या होत्या, गोणीमागे ५० रुपये, आणि वर टेम्पोचं भाडं. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, तिचीही चौकशी करावी, पण गोण्या खाली आणण्याची मजुरी चुकत नाही. मध्यरात्री नाक्यावर किंवा खाडीकाठी गोण्या टाकून देणारे टेम्पोवाले स्वस्तात मिळतात. तसं करू देऊ नये. शहराच्या पाण्याच्या वाटा त्यानंच बुजतात.

आता खरी अडचण. २,२५,००० मधून २,१७,००० गेले तर हातात ८,००० उरतात. जुन्या इमारतीत फरशी उकरण्याआधी एवढ्या राखीव पैशांवर मी काम सुरू करू देत नाही. किमान २५,००० बाजूला हवेत. म्हणजे १७,००० कापायचे. घरच्यांचा पहिला सूर होता, वॉटरप्रूफिंगचे २०,००० जास्त वाटतात, तिथे बघा. मी ठाम नाही म्हटलं. लादीच्या आत जाणारं काही कापायचं नाही: कोबा, वॉटरप्रूफिंग, नळ्या, ट्रॅप. त्यांत उद्या दुरुस्ती करायची तर लादी पुन्हा फोडावी लागते. गिझर, बेसिन, रंग हे पुढच्या दिवाळीला बदलता येतं.

गिझर चार वर्षांपूर्वीचा होता. तो उतरवून सर्व्हिस करून पुन्हा लावायचं ठरलं, ९,५०० वाचले. बाहेर पॅसेजमध्ये बेसिन होतंच, आतलं रद्द, ३,५०० वाचले. संडासात डॅडो ७ ऐवजी ४ फुटांपर्यंत, वर रंग. तिथे अंगावर पाणी घेत नाहीत, वरच्या टाइलची गरज नव्हती. टाइल आणि मजुरी मिळून ४,५०० वाचले. आकडा १,९९,५०० वर आला.

सोसायटीतल्या एकानं सुचवलं, की सिमेंट आता स्वस्त झालंय, ठेकेदाराकडून ते कमी करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला हे खरं. पण अशा कामाला गोण्या लागतात दहा-बारा. फरक काही शेकड्यांत जातो. त्यावर ताणून माणूस नाराज करण्यात अर्थ नव्हता.

मोठा निर्णय वेगळाच होता: संडास आणि बाथरूम एक करायचं का? मधली भिंत चार इंची विटांची, इमारतीचा भार पेलणारा खांब-तुळयांचा सांगाडा आरसीसीचा, त्यामुळे भिंत पाडण्यात इमारतीला धोका नव्हता. एक केलं की जागा प्रशस्त दिसते, दार एकच लागतं, खर्चही थोडा कमी होतो. मुलाचं मन तिकडे होतं. पण पाच माणसांच्या घरात सकाळी साडेसहाला नातू आंघोळीला आणि आजींना संडासला जायचं, हे रोजचं. वेगळी दोन दारं ही जुन्या मुंबईच्या घरांची फार मोठी सोय आहे, आणि एकच सोय असलेल्या घरानं ती घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आजींनीही तेच सांगितलं. भिंत राहिली.

संडासाचं दार मात्र बाहेर उघडणारं केलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगावर अडतं. ३ बाय ४ मध्ये कमोड बसवल्यावर पुढे गुडघ्यांना जागाही त्यामुळेच मिळाली. आधाराचे दांडे दोन, एक कमोडच्या बाजूला, एक शॉवरखाली. ते प्लास्टरच्या अंगावर न लावता विटेत खोल अँकर घालून पक्के केले.

खरेदीचा क्रम इथे पैसे वाचवतो. लोक कमोड-नळ शेवटी घेतात. पण कमोडच्या तळाचं तोंड भिंतीपासून किती अंतरावर येतं ते मॉडेलप्रमाणे ठरतं, ९ इंच किंवा १२ इंच, आणि ते माप तयार टाइलच्या पृष्ठभागापासून घ्यायचं, उघड्या विटेपासून नव्हे. प्लास्टर आणि टाइल मिळून दीड-दोन इंच पुढे येतात. डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या जोडाची, बॉडीही भिंतीत गाडली जाते. म्हणून तोडफोडीच्या आधी कमोड, डायव्हर्टर, न्हाणी ट्रॅप घरात हवेत. वायरिंगचं सामान मुलानं लोहार चाळीतून आणलं. गिझरला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. ओल्या जागेत त्या ईएलसीबीचे पैसे कधी कापू नयेत.

नळ्या जुन्या जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या होत्या, आतून गंजून बोटभर भोक उरलेलं. सगळ्या काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला टिकणाऱ्या प्लास्टिकच्या, टाकल्या. साधी पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा होता. मुंबईतल्या कितीतरी चांगल्या प्लंबरांचं गाव तिकडचं आहे. त्यानं भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी पंपानं दाब देऊन लाइन रात्रभर ठेवली, सकाळी दाबमापकाचा काटा तिथेच होता.

वेळापत्रक सोसायटीनं ठरवून दिलं. काम १० ते १ आणि ३ ते ६, रविवारी बंद, रांगेचा व्हॉल्व्ह बंद करायचा तर ११ ते ४ मध्येच. परत मिळणारी अनामत १५,०००. हा खर्च नाही, पण पैसे हातात लागतात, ते पगारातून दिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, तेव्हा तोडफोडीचा आवाज चालणार नव्हता. म्हणून सगळी फोडाफोड जानेवारीत. त्याचा आणखी एक फायदा असा, की खालच्या छताला वाळायला जूनपर्यंत वेळ मिळतो.

आधी संडास, मग बाथरूम असं दोन टप्प्यांत करायला ठेकेदारानं १२,००० जास्त मागितले, कारण प्रत्येक कारागीर दोनदा यायचा. त्याऐवजी दोन्ही एकदम काढलं. आजी डोंबिवलीला लेकीकडे गेल्या. बाकीच्यांना समोरच्या बिऱ्हाडानं आपलं संडास-बाथरूम मोकळं करून दिलं. बजेटच्या कागदावर याला ओळ नाही, पण एकच संडास असलेल्या घरात ही व्यवस्था पक्की झाल्याशिवाय हातोडा उचलू नये.

कोबा निघाल्यावर राखीव पैशांची पाळी आली. तो ठरवल्यापेक्षा खोल निघाला, ३० गोण्या वाढल्या, १,५०० रुपये. न्हाणी ट्रॅपपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत जाणारा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) नळीचा तुकडा हातात भुगा होऊन आला. बाहेरच्या उभ्या नळीचा सांधाही तडकलेला. इथे खर्च कोणाचा, हा प्रश्न आला. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या सामायिक नळ्यांची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, घरातल्या संडास-मोरीच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. त्यावरून आतला तुकडा कुटुंबानं बदलला, ६,५०० मध्ये, आणि बाहेरचा सांधा सोसायटीनं दोरावरच्या माणसाकडून बदलून घेतला. सचिवांनी बैठकीची वाट न पाहता त्याच आठवड्यात माणूस पाठवला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. शेजाऱ्यांच्या छतातली सळई मात्र अंदाजापेक्षा जास्त गेली होती. सैल काँक्रीट काढणं, तारेच्या ब्रशनं गंज घासणं, गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर, याचे १२,००० वाढले. तेही देणं होतंच, पाणी वरून गेलं होतं. २५,००० मधले २०,००० इथे संपले.

ठेकेदाराचे पैसे टप्प्यांना बांधले होते. तोडफोड सुरू होताना २० टक्के, नळ्यांच्या दाबचाचणीनंतर २५, पाणी भरून केलेल्या चाचणीनंतर २५, लादी झाल्यावर २०, आणि उरलेले १० काम संपल्यावर महिन्यानं. पाण्याच्या चाचणीचा हप्ता साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास होता आणि त्यानं आपलं काम केलं. स्लॅब साफ करून, कोपऱ्यांना वाटा (सिमेंटची गोलाई) मारून, कोटिंगचे दोन थर भिंतीवर फूटभर चढवून मारले. मग ट्रॅपचं तोंड बुजवून ४८ तास पाणी साठवलं. शेजारीणबाईंनी खालून छतावर पेन्सिलीनं ओलीच्या कडा आखून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅपच्या नळीभोवती नवी ओल दिसली. ठेकेदारानं नळीभोवतीची जागा खोदून ग्राउट भरलं, कोटिंग पुन्हा मारलं, पाणी पुन्हा भरलं. खर्च त्याचा. दुसऱ्या वेळी पेन्सिलीच्या रेघेबाहेर काही आलं नाही. मगच कोबा आणि मगच लादी.

मधल्या काळात सुनेला ८,००० जास्तीचा शॉवर आवडला होता, राखीवमधून घेऊ म्हणाली. पाण्याची चाचणी होईपर्यंत राखीवला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं, आणि चाचणी होईतो राखीवमध्ये तेवढे पैसे उरलेच नाहीत.

शेवटचा हिशेब: १,९९,५०० अधिक २०,०००, एकूण २,१९,५००. उरलेल्या ५,५०० मधून आजींसाठी शॉवरखाली बसायची भिंतीवरची घडीची सीट आणि पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा आला. लादी लावण्याआधी भिंतींतल्या नळ्यांचे मोजपट्टी धरून काढलेले फोटो मुलानं कामाच्या फाइलीत ठेवले आहेत, पुढे कोणी भिंतीत ड्रिल मारायला आला तर दाखवायला. सोसायटीनं अनामत परत केली आहे. ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के महिना भरल्यावर दिले, खालचं छत पुन्हा एकदा बघून. त्या छताला रंग पावसाळ्याआधी लागेल. पैसे रंगाऱ्याच्या नावानं वेगळे काढलेले आहेत, ते ९,००० मध्येच धरलेले होते.